खालून चौथी रेघ

अण्णा लिफ्टचे मेकॅनिक होते आणि कुठल्याही इमारतीत जिन्यानं चढत. राहायला कुवेतमधल्या फहाहीलला, तेही तळमजल्यावर. कुणी कारण विचारलं की म्हणत, "हलवाई कधी जिलबी खाताना बघितलायस?" आणि सहाव्या मजल्यावर आमच्या आधी पोचून, लिफ्टच्या दाराला कान लावून उभे असत. डॉक्टर छातीला नळी लावतो तसे. आम्ही धापा टाकत वर गेलो की ओठांवर बोट ठेवून सांगत, "गप. ती बोलायलीय."

त्यांना खरं नाव होतं. ते कंपनीच्या कागदांवर होतं आणि तिथंच राहिलं. राई या कारखान्यांच्या भागातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये मल्याळी, इजिप्तचे मिसरी, बंगाली सगळे त्यांना अण्णाच म्हणत. इचलकरंजीचा माणूस, साठीला टेकलेला, बुटका, मिशीला काळा रंग आणि भुवयांना मात्र नाही. त्यामुळे चेहऱ्यावर वर हिवाळा, खाली उन्हाळा. स्टीलच्या पेल्यात बिनदुधाचा चहा, त्यात चार चमचे साखर. आणि खिशात, फ्यूजच्या रिकाम्या डबीत, शंभर फिल्सची तीन नाणी.

या तीन नाण्यांनी माझी चौदा महिन्यांची झोप खाल्ली. पण ते सांगायच्या आधी तुम्हाला नाण्यांची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढं माझा गुन्हा तुमच्या लक्षात येणार नाही. आणि गुन्हा लक्षात आल्याशिवाय गोष्टीत मजा नाही.

अण्णा उमेदीत असताना इथल्या एका टॉवरच्या कामावर त्यांना आठ महिने एक चिनी फिटर जोडीदार मिळाला होता. याला चिनी येत नाही, त्याला हिंदी येत नाही. दुपारच्या सुट्टीत तो चिनी जमिनीवर खडूनं रेघा काढायचा आणि नाणी टाकायचा. आठ महिन्यांत अण्णा हातवाऱ्यांनी ती चिनी शकुनविद्या शिकले. किती खरी आणि किती घरची, देव जाणे. पण शिकले ते असं:

मनात एक प्रश्न धरायचा आणि तीन नाणी सहा वेळा टाकायची. इथल्या नाण्यावर एका बाजूला होडी, दुसऱ्या बाजूला आकडा. होडीचे तीन, आकड्याचे दोन. तिन्हींची बेरीज सहा ते नऊ यांपैकी काहीतरी होते. सात किंवा नऊ आले तर अखंड रेघ, सहा किंवा आठ आले तर मधे तुटलेली. अशा सहा रेघा एकावर एक, खालून वर. "घर पायापास्नं बांधतात का छपरापास्नं?" हा त्यांचा सवाल. सात आणि आठ या तरण्या रेघा. त्या जागच्या हलत नाहीत. नऊ आणि सहा मात्र म्हाताऱ्या. नऊ भरून भरून इतकी भरलेली की आता फुटणारच, सहा इतकी पोकळ झालेली की आता मिटणारच. नऊच्या शेजारी गोल काढायचा, सहाच्या शेजारी फुली. मग म्हाताऱ्या रेघा पलटून बाजूला दुसरी आकृती काढायची. पहिली म्हणजे आज. दुसरी म्हणजे जिकडे सगळं निघालंय ते.

लोक हटकून दुसऱ्या आकृतीकडे धावत. आमच्या ओळखीच्या एका आयटीवाल्याची बायको कॅनडाचं विचारायला आली होती. तिनं पहिलीकडे बघितलंच नाही. "अण्णा, शेवटी काय येतंय ते सांगा ना."

"ताई," अण्णा म्हणाले, "आधी पलटणारी रेघ वाचायची. लिफ्टचं दार न उघडता तुम्ही वरच्या मजल्यावर कशा उतरणार?"

तिनं तोच प्रश्न परत टाकायला सांगितला. तेव्हा अण्णांनी नाणी डबीत भरली आणि झाकण लावलं. "बटण दाबलंय न्हवं? मग ती यायची तेव्हा येईल. दहादा दाबलं म्हणून काय ती पळत येतीय?"

सहा रेघांत त्यांना सहा मजले दिसत. आगीची खूण, पाण्याची, वाऱ्याची, गडगडाटाची, असे तीन-तीन रेघांचे आठ गट असतात. त्यातलं 'तळं' कुवेतमध्ये नाही म्हणून त्यांनी त्याची 'खाडी' करून टाकली होती. डोंगरही नाही. पण डोंगराचं काही त्यांनी बदललं नाही. "डोंगर आला की थांबायचं. इथं डोंगर नाही, म्हणून तर सगळी पळायल्यात."

खालून वर लिहायची सवय इतकी मुरली होती की त्यांच्या बाजाराच्या यादीत सगळ्यात खाली पहिलं सामान असे. एकदा त्यांनी रजेचा अर्जही तसाच दिला. वर सही, मग 'आपला विश्वासू', मग कारण, आणि तळाला 'माननीय महोदय'. आमच्या मॅनेजरनं तो अर्ज उलटा धरून वाचायचा प्रयत्न केला, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

आणखी एक खोड. नाणी टाकताना अण्णा चष्मा काढून खिशात ठेवत. "बघितलं की हात लबाडी करतोय," म्हणत. चष्म्याशिवाय त्यांना होडी काय आणि आकडा काय, सगळे एकसारखे चांदीचे ठिपके. त्यामुळे शेजारी कुणीतरी पेन्सिल घेऊन बसावं लागे: बेरीज मोठ्यानं सांगायची आणि रेघ ओढायची. हे मानाचं काम तेव्हा दोन वर्षं माझ्याकडे होतं. इथं असले प्रकार उघड्यावर करायचे नसतात, म्हणून ते मशीन रूममध्ये, दार लोटून.

आता मॅनेजरकडे येऊ. पुण्याचा, तिशीतला, गोड बोलणारा. अण्णांच्या विद्येला तो 'चायनीज भेळ' म्हणायचा. त्या मंगळवारी सकाळी सात वाजता त्यानं मला फोन केला. फहाहीलला एका नव्या इमारतीची लिफ्ट आम्ही बसवली होती. तपासणी झाली होती, सगळं ठीक होतं, फक्त अण्णांची सही राहिली होती. दोन दिवस ते म्हणत होते, "अजून न्हाई. ती काहीतरी गिळायलीय."

"आज दुपारी बारापर्यंत मला तो कागद हवाय," मॅनेजर म्हणाला. "भाडेकरू सामान घेऊन येताहेत. तुझं ऐकतात ते. आणि हे बघ, तुझं फॅमिली व्हिसाचं पत्र माझ्या टेबलावर आहे. मंदूब आज बारा वाजता कागद घेऊन निघतो आणि उद्यापासून तो महिनाभर सुट्टीवर. समजलं ना?"

समजलं. मंदूब म्हणजे कंपनीचे कागद सरकारी खिडक्यांवर फिरवणारा माणूस. आणि कुटुंबाचा व्हिसा इथं आज उघडा असतो, उद्या बंद. तेव्हा तो दोन-एक महिन्यांपूर्वी उघडला होता आणि कधीही मिटेल अशी कुजबुज होती. माझी बायको आणि सहा वर्षांची मुलगी नाशिकला. दोन वर्षं मी त्यांना फोनच्या पडद्यावर बघत होतो. मुलीनं शाळेत घरच्यांचं चित्र काढलं, त्यात आई होती, आजी होती, मांजर होतं, आणि मी एका चौकोनात होतो. चौकोनाला तिनं चार्जरची वायरसुद्धा काढली होती.

तर असा चौकोनातला माणूस त्या दिवशी सकाळी दहा वाजता मशीन रूममध्ये पेन्सिल घेऊन बसला. छपरावरची खोली, बाहेर पन्नास अंश, आत त्याहून वाईट. अण्णांनी चष्मा काढला, रुमाल अंथरला.

"प्रश्न साधा हाय," ते म्हणाले. "हिच्या कागदावर सही करू का नको."

पहिली टाक. एक होडी, दोन आकडे. "सात." अखंड.

दुसरी. "आठ." तुटकी.

तिसरी. "सात."

चौथी टाक. तिन्ही नाणी रुमालावर लोळली, एक गोल फिरत राहिलं, पडलं. होडी. होडी. होडी.

नऊ. म्हातारी, पलटणारी. तिच्याशेजारी गोल काढायचा. गोल काढला म्हणजे काहीतरी पलटणार, मग अण्णा सही करणार नाहीत, आणि बारा वाजता मंदूब निघून जाणार.

तुम्ही काय केलं असतं मला माहीत नाही. मी "सात" म्हणालो.

आवाज जरासुद्धा हलला नाही. कॉलेजात मी नाटकांत काम करायचो, त्याचा हा आयुष्यात झालेला एकमेव उपयोग. रेघ नऊचीही अखंड आणि सातचीही अखंड. फक्त शेजारचा गोल मी काढला नाही. पाचवी आठ, सहावी आठ.

"खाली आग, वर गडगडाट," अण्णा माझ्या सांगण्यावरून हवेत बोट फिरवत म्हणाले. "भर दुपारचा थाट. भरभराट. एकही म्हातारी न्हाई?"

"एकही म्हातारी नाही, अण्णा."

"मग जे हाय ते तसंच ऱ्हाणार." त्यांनी मान हलवली. थोडे नाराज वाटले. "कान चुकला म्हणायचा माझा. आण कागद."

मी कागद पुढं केला. त्यांनी चष्मा चढवला, पेनचं टोपण काढलं. दहा वाजून वीस मिनिटं. मला मुलीचा हात दिसला, विमानतळाच्या काचेवर टेकलेला. आणि त्याच क्षणी, बघा कसा असतो माणूस, मला ती दुसरी आकृती दिसली, जी मी काढलीच नव्हती. चौथी पलटली की वरचा गडगडाट जातो आणि तिथं माती येते. आगीवर माती. अण्णांनी एकदा मला ती आकृती शिकवली होती: उजेड जमिनीखाली गेला.

पेन कागदाला टेकलं.

"अण्णा, चौथी नऊ होती."

त्यांनी पेनचं टोपण लावलं. टोपणाचा 'टक' आवाज मला अजून ऐकू येतो. मग डबी खिशात घातली, हत्यारांची पिशवी उचलली आणि म्हणाले, "चल. चौथा."

चौथ्या मजल्यावर आम्ही लिफ्ट आणून उभी केली आणि दाराचं सगळं खोललं. रोलर, तार, लॉक, स्प्रिंग. मी बॅटरी धरली होती. अण्णा माझ्याकडे बघत नव्हते. पाना मागायचा तरी "पाना" एवढंच. घामाचे थेंब फरशीवर पडून लगेच सुकत होते. फोन वाजला. मॅनेजर.

"अण्णा, काय चाललंय? लोक खाली येऊन उभे राहिलेत. एक बाई तर फ्रिज घेऊन आलीय!"

"फ्रिज दम धरतोय, साहेब. बाईला पाणी द्या."

अकरा वाजले. अकरा वीस. दार निर्दोष होतं. अण्णांनी ते दहा वेळा बंद केलं, दहा वेळा ओढून बघितलं. हललं नाही. मला हायसं वाटलं आणि मग त्या हायसं वाटण्याचा राग आला. मी कबुली दिली होती, शरम भोगली होती, आणि सगळं फुकट!

"झालं ना अण्णा?" मी म्हणालो. आवाज चढला होता. "नाही ना काही? नाण्यांचं ऐकून माझ्या पोरीला अजून किती दिवस पडद्यावर ठेवू?"

तेव्हा पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे बघितलं. "असं हाय व्हय," एवढंच म्हणाले. जमिनीवर बसले, कागद मांडीवर घेतला. "दे पेन. करतो सही."

अकरा पस्तीस. कागदावर सहा दारांचे सहा रकाने, प्रत्येकात तपासणीची खूण करायची. अण्णांनी अर्थातच सगळ्यात खालच्या रकान्यापासून सुरुवात केली. पेन टेकवत, पुटपुटत.

"ग्राउंड, ही पहिली. मेझनीन, ही दुसरी. एक नंबर, ही तिसरी. दोन नंबर, ही चौ..."

पेन थांबलं.

इथल्या इमारतींत तळमजल्याला आकडा नसतो, त्यावरच्या मधल्या मजल्यालाही नसतो. तिथं नुसता 'एम'. आकडे त्याच्यावर सुरू होतात. आम्ही सव्वा तास बटणावरचा चार खोलून बसलो होतो. ती सहावी रेघ होती. खालून चौथं दार बटणावर दोन नंबरचं होतं. आणि हे चुकलं कोण, तर आयुष्यभर खालून मोजणारा माणूस!

अण्णांना पळताना मी तेव्हा एकदाच बघितलं. कागद तिथंच टाकून, दोन-दोन पायऱ्या सोडत. मी मागं. दुसऱ्या मजल्यावर इमारतीचा हारिस, म्हणजे राखणदार, एक लठ्ठ मिसरी म्हातारा, गादी घेऊन जिन्यानं वर आला होता. गादी भिंतीला उभी करून तो दम खात होता. लिफ्टच्या दाराचा पत्रा गार लागतो, म्हणून पाठ त्याला टेकवलेली. आम्हाला बघून हसला आणि दारावर रेलत म्हणाला, "खलास, मुहंदिस?" झालं का, इंजिनियर?

अण्णा ओरडले नाहीत. ओरडले असते तर तो दचकून मागं रेलला असता. ते शांतपणे चालत गेले, हसले, त्याचा हात हातात घेतला, जणू सलाम करतायत, आणि त्याला दोन पावलं पुढं ओढलं. आणखी दोन. मग गादी ओढून त्याच्या आणि दाराच्या मधे घातली.

वळून त्यांनी दाराला तळहात लावला आणि बाजूला सरकवलं. काही जोर लावला नाही. कपाटाचं दार सरकावं तसं ते सरकलं.

आत लिफ्ट नव्हती. ती चौथ्यावर, आमची वाट बघत उभी. समोर नुसती काळी विहीर आणि गरम हवेचा झोत. अण्णांच्या कानावरची पेन्सिल वाकताना सुटली, आत पडली आणि आम्ही तिघं ती पोचायची वाट बघत राहिलो.

खूप खाली, विहिरीच्या तळाशी, पिवळा दिवा जळत होता. सकाळी तळ तपासताना मी तो तिथंच विसरलो होतो.

"उजेड जमिनीखाली," अण्णा म्हणाले. मग दार ओढून घेतलं आणि गादीला टेकून खाली बसले. लॉकचा हुक जेमतेम केसाएवढा अडकत होता. विजेला वाटायचं बंद आहे; हाताला लागलं की उघडं. हारिसनं आत डोकावून बघितलं, अल्लाचं नाव घेतलं आणि जाऊन अण्णांसाठी पाण्याची बाटली घेऊन आला. मला दिली नाही. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण दिली नाही.

बारा वाजता मंदूब माझं पत्र न घेताच गेला. तीन आठवड्यांनी व्हिसा बंद झाला. तो परत उघडून माझी माणसं इथं यायला चौदा महिने लागले. नऊला सात म्हणालो म्हणून नाही, नऊला नऊ म्हणालो म्हणून! मुलगी आली तेव्हा तिचे पुढचे दोन दात पडून नवे आले होते. मधली ती फट मी बघितलीच नाही. पण रात्री झोप उडायची ती दातांमुळे नाही. डोळे मिटले की मला ती गादी दिसायची, भिंतीला उभी, आणि तिच्याशेजारी कुणीच नाही.

नाण्यांमुळे बिघाड सापडला का? त्या लिफ्टला सहा दारं होती, कुठलंही बोट दाखवा, कधी ना कधी काही सापडतंच. असं मॅनेजर म्हणतो. बरोबरही असेल. मी वाद घालत नाही. मी पेन्सिल पडताना ऐकलीय.

अण्णांनी मला एका शब्दानं टोचलं नाही. कुणाला सांगितलंही नाही. रेघा ओढायचं काम माझ्याकडेच राहिलं. फक्त एक बदल झाला. त्या दिवसानंतर मी शेजारी बसलेला असताना ते नाणी चष्मा घालून टाकत. बाकी कुणी लिहायला असलं तर चष्मा खिशात. मी असलो की नाकावर. ते काहीच बोलत नसत, मीही नाही. चष्मा मात्र दर खेपेला बोलायचा.

दोन वर्षं हे चाललं.

गेल्या वर्षी ते कायमचे निघाले. शुक्रवार होता, संध्याकाळचं विमान. फहाहीलच्या खोलीत दोन बॅगा बांधून तयार होत्या. माझी बायको डबा घेऊन आली होती, मुलगी त्यांच्या बॅगेवर बसून इंग्रजीत विचारत होती की इचलकरंजीत लिफ्ट आहे का. अण्णा म्हणाले, "हाय की, पण माझं घर तळमजल्याचं हाय."

मग त्यांनी खिशातून डबी काढली. रुमाल अंथरला. मी पेन्सिल घेतली. आणि अण्णांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"प्रश्न माझा हाय," म्हणाले, "तुला सांगणार न्हाई. तू नुसतं लिही."

सात. आठ. आठ. सात. आठ. सात.

मी रेघांकडे बघत राहिलो. तीस वर्षांनी माणूस देश सोडून निघालाय, घर बदलणार, हवा बदलणार, सगळंच बदलणार, आणि आकृतीत एक रेघ हलायला तयार नाही. एखादा गोल काढावा असं मनात आलं. निरोपाला एक गोल, कुणाचं काय जाणार होतं? पण मला जे सांगायचं होतं ते नेमकं मशीन रूममधलं तेच वाक्य होतं, शब्दाला शब्द.

"एकही म्हातारी नाही, अण्णा."

त्यांनी मान वर केली. चष्म्याशिवायचे ते पाणावलेले, काही न दिसणारे डोळे माझ्यावर रोखून किती वेळ बघत होते! त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला, चष्म्याच्या काडीला लागला.

तिथंच थांबला.

"बरं," ते म्हणाले. मग चाचपत एकेक नाणं गोळा करून त्यांनी डबीत टाकलं आणि डबी माझ्या हातात दिली.